बाराच्या ठोक्यावर बसलेला वाकडा ब्रेक

रायफल माझ्या टेबलावर आली तेव्हा नळीच्या तोंडावरचा मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूला फेकून धक्का कमी करणारी भोकांची टोपी, अगदी सरळ दिसत होता. वरची तीन भोकं घड्याळातल्या बाराच्या जागी होती आणि बाजूचे झरोके दोन्हीकडे सारखे होते. मी एक लेव्हल बॉटल स्कोप बसवायच्या रेलवर ठेवली, दुसरी ब्रेकच्या सपाट पाठीवर. दोन्हींचे बुडबुडे मधोमध. तरीही याच ब्रेकमुळे एक चांगली रायफल महिनाभर हातची गेली होती. तिचं काय बिघडलं होतं आणि ते शोधताना मी कुठे चुकलो, दोन्ही सांगतो.

रायफल बोल्ट-अ‍ॅक्शन, ६.५ क्रीडमूर काडतुसाची, जाड बॅरल. तोंडावरचे आटे कारखान्यातूनच पाडून आलेले, ५/८-२४ म्हणजे पाच अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. मालकीणबाई लांब पल्ल्याच्या मैदानी स्पर्धा खेळतात. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल प्रकारांत मझल ब्रेकला मनाई आहे, त्यामुळे असली कामं येतात ती बहुतेक या मैदानी स्पर्धांच्या नेमबाजांकडूनच. त्यांना धक्का कमी हवा असतो, पण त्याहून जास्त हवं असतं ते आपला फटका स्कोपमधून स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं. चांगला ब्रेक वायू बाजूला फेकतो आणि नळी जागची हलू देत नाही.

ब्रेक त्यांनी स्वतः, घरी बसवला होता. त्याआधी १०० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पसारा, साधारण १.८ सेंटिमीटर यायचा. नंतर तोच सहा-सात सेंटिमीटरवर गेला. त्यातही तीन गोळ्या एकमेकींजवळ आणि दोन कुठेतरी भलतीकडे, दर वेळी वेगळ्या दिशेला. त्यांनी काडतुसं बदलली, स्कोपच्या रिंगांचे स्क्रू तपासले, मग स्कोपच बदलून पाहिला. फरक शून्य.

मी नोंदवहीत तक्रार लिहून घेत होतो. त्या म्हणाल्या, "दादा, बसवताना सगळं नीट गेलं. फक्त शेवटचा थोडा फेरा फार जड गेला, लांब दांड्याचा पाना घ्यावा लागला." हे वाक्य मी लिहून घेतलं आणि पुढे गेलो. तिथेच थांबायला हवं होतं.

फिरवणं वेगळं, रोखणं वेगळं

ब्रेक बसवताना दोन गोष्टी जुळवायच्या असतात आणि बहुतेकांच्या डोक्यात त्यांची एकच गोष्ट होऊन बसते.

पहिली आहे ब्रेकची फेरी. वरची भोकं वर यावीत, बाजूचे झरोके आडवे यावेत, म्हणजे वायूचा दाब नळीला खाली आणि मागच्या धक्क्याला उलट ढकलेल. ही गोष्ट डोळ्यांना दिसते, लेव्हल बॉटलने मोजता येते, म्हणून सगळं लक्ष तिच्याकडे जातं.

दुसरी आहे ब्रेकचा रोख. ब्रेकचं बाहेर पडायचं भोक नळीच्या गाभ्याच्या, म्हणजे बोअरच्या, रेषेत आहे की नाही. हे बाहेरून दिसत नाही. नळीचा बाहेरचा गोल आणि आतला बोअर कुठल्याच बॅरलमध्ये शंभर टक्के एककेंद्री नसतात. खोल भोक पाडताना ड्रिल थोडं भटकतंच. म्हणून बाहेरच्या अंगावर डोळा किंवा पट्टी लावून रोख तपासण्यात अर्थ नाही.

यातली जागा किती तुटपुंजी असते ते आकड्यांत पाहा. ६.५ क्रीडमूरच्या गोळीचा व्यास ६.७१ मिमी. या ब्रेकचं भोक ७.२१ मिमी, म्हणजे गोळीपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं. सगळं बिनचूक बसलं तर गोळीच्या चहूबाजूंना पाव मिलिमीटर मोकळीक, तीही खांद्यापासून (आट्यांमागची बॅरलची पायरी, जिच्यावर ब्रेक टेकतो) ७५ मिमी पुढे. पायथ्याशी केसभर तिरकेपणा आला तरी टोकाला तो वाढून पोचतो.

सळई काय म्हणाली

मी ब्रेक लावलेल्या अवस्थेत एकही गोळी झाडली नाही. ग्रुप असा फुटलेला असेल आणि तोंडावर काही बसवलेलं असेल, तर आधी सळई, मग बाकी सगळं. बोल्ट काढला, चेंबर डोळ्यांनी पाहिलं, बोटानेही चाचपलं. मग ब्रेकच्या भोकातून ६.४८ मिमीची घासून सरळ केलेली पोलादी सळई बोअरमध्ये सरकवली. ६.५ क्रीडमूरच्या बोअरमधल्या उंचवट्यांमधलं अंतर साधारण ६.५० मिमी असतं, त्यामुळे ही सळई आत जवळजवळ अंगासरशी बसते.

सळई गोळीपेक्षा बारीक असते हे इथे विसरायचं नाही. सळईभोवती जागा मोकळी दिसली म्हणजे गोळीलाही तेवढीच मोकळी असं नव्हे. ब्रेक मध्यात असता तर सळईभोवती सगळीकडे ०.३६ मिमी दिसायला हवं होतं. माझं ०.१५ चं फीलर पातं (फट मोजायची पातळ पट्टी) वरच्या बाजूला जेमतेम शिरलं, ०.१८ चं शिरलंच नाही. खाली ०.५५ चं सहज गेलं. म्हणजे भोक मध्यापासून सुमारे ०.२ मिमी खाली झुकलेलं. गोळीच्या वाट्याला वरच्या बाजूने उरले फक्त ०.०५ मिमी.

यात एक शंका कायम ठेवावी लागते: सळईच वाकडी असेल तर? तपासणी सोपी आहे. सळई पाव-पाव फेरा फिरवत जायचं आणि प्रत्येक वेळी फट पाहायची. फट सळईबरोबर फिरली तर दोष सळईचा. इथे फट जागची हलली नाही, वरची बाजू अरुंदच राहिली. दोष ब्रेकच्या बैठकीत होता.

भोकाच्या कडेला टॉर्च धरली तर साडेअकराच्या जागी तांब्याचा एक बारीक, लालसर पट्टा दिसला, नखाच्या टोकाएवढा. ब्रेकच्या पुढच्या तोंडावर काजळीचं फूल उमटतं. ते चारी बाजूंनी सारखं उमलायला हवं, इथे ते एका अंगाला गडद आणि दुसऱ्या अंगाला जवळजवळ कोरं होतं. काही गोळ्या कड चाटून गेल्या होत्या. आणि ज्या चाटून गेल्या नाहीत त्यांनाही त्रास झालाच असणार. गोळी नळीबाहेर पडताना मागचा वायू तिला क्षणभर मागे टाकून पुढे धावतो. तो एका बाजूने जास्त निसटला, तर गोळीचं बूड ढकलतो. बूड हललं की गोळी डगमगत जाते, मग नळी कितीही उत्तम असो.

सळई लगेच बाहेर काढून तिच्या जागी ठेवली. बोअरमध्ये सळई राहून गेलेल्या रायफलवर कुणी चाप ओढला, तर त्यापुढे काय होईल ते लिहायचीही माझी इच्छा नाही.

माझा चुकलेला तर्क

भोक एकाच दिशेला ०.२ मिमी झुकलेलं दिसलं आणि मी मनात निकाल देऊन टाकला: कारखान्याने आटे वाकडे पाडले. हा दोष खरोखर नेहमीचा आहे. बोअर धरून आटे पाडायच्या ऐवजी बॅरलचं बाहेरचं अंग धरून पाडले, किंवा हाताने डाय फिरवून पाडले, की असंच होतं. त्यामुळे तर्क अगदीच हवेतला नव्हता. पण तर्काच्या भरात मी ब्रेक सोडवला, फडक्यावर बाजूला ठेवला आणि थेट लेथकडे वळलो. ब्रेकची मागची बाजू पुसून पाहिली नाही.

ब्रेक सोडवताना बॅरल तोंडाजवळ धरली. हे मी आग्रहाने सांगतो, कारण रिसीव्हर, म्हणजे बॅरल जिच्यात बसते ती मागची चौकट, व्हाइसमध्ये धरून पुढे पाना मारणारे लोक मी पाहिले आहेत. तसं केलं की सगळा पीळ बॅरल आणि रिसीव्हरच्या जोडावर येतो. बॅरल व्हाइसचे दाढे, त्यांच्यात चामड्याचा तुकडा, घसरत असेल तर थोडी राळेची पूड, आणि पकड तोंडापासून वीतभर अंतराच्या आत.

नंतर दस्ता उतरवून बॅरल लेथच्या स्पिंडलमधून घेतली आणि बोअरमध्ये घट्ट बसणारी तपासणी सळई घालून दोन्ही टोकांना डायल, म्हणजे केसभर हालचालही दाखवणारं काट्याचं मापक, लावली. दोन ठिकाणी जुळवावं लागतं. एकाच ठिकाणी जुळवलं तर बोअर त्या बिंदूवर मध्यात दिसतो आणि पुढे तिरका जातो. या जुळवणीत वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा. एकदा बोअर खरोखर फिरत्या अक्षावर आला की बाकीचं सगळं आपोआप बोलतं.

डायल आट्यांवर टेकवली. एका पूर्ण फेऱ्यात काटा ०.०२ मिमी हलला. खांद्याच्या तोंडावर टेकवली तर ०.००५ मिमी. आटे उत्तम, खांदा बोअरशी काटकोनात. कारखान्यावर मनातल्या मनात केलेला आरोप मागे घेतला. त्या दिवशी मी उतावीळपणाने "आटे नव्याने पाडू" म्हणून हत्यार लावलं असतं, तर निर्दोष बॅरलचं तोंड मीच कापलं असतं. कापलेलं पोलाद परत येत नाही.

घडी पडलेला शिम

आता संशय ब्रेकवर. त्याचं भोक स्वतःच्याच आट्यांशी एककेंद्री आहे का, हे पाहायला एक आटेदार मँड्रेल, म्हणजे ब्रेक चढवायचा दांडा, लेथच्या चकात धरून तयार केलं. ब्रेक त्यावर चढवण्याआधी मागचं तोंड पुसलं, आणि फडक्याला काहीतरी अडकलं.

तेल आणि काजळीच्या थराखाली एक शिम, म्हणजे ब्रेक हव्या त्या जागी थांबावा म्हणून मध्ये घालायची पातळ पोलादी चकती, चिकटून बसला होता. नखाने सोडवला तर दोन निघाले. एक ०.२० मिमीचा, सपाट, धड. दुसरा ०.०५ मिमीचा, कागदापेक्षा पातळ. त्याची आतली कड एका बाजूला जेमतेम सेंटिमीटरभर लांबीत मागे मुडपून स्वतःवरच दाबली गेली होती, पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी. घडीवर पोलाद चकचकीत झालं होतं, कारण सगळा दाब तिनेच घेतला होता.

असं का झालं ते बॅरलकडे पाहिल्यावर कळलं. आटे आणि खांदा यांच्यामध्ये एक खाच असते, आटे पाडणाऱ्या हत्याराला बाहेर पडायला ठेवलेली. तिचा व्यास आट्यांच्या बाहेरच्या व्यासापेक्षा कमी असतो. शिमचं भोक मात्र आट्यांवरून जाईल एवढं मोठं हवं. बॅरल व्हाइसमध्ये आडवी असताना शिम खाचेवर आला की त्याला आधार राहत नाही. तो खाली लोंबतो आणि त्याची वरची आतली कड खाचेत बसते. ब्रेक चढत आला, पहिल्या आट्याने ती कड पकडली, फिरवत दुमडली आणि चेपली. जाड शिम हे सोसून नेतो, पातळ शिम मुडपतो.

हिशोब करून पाहिला. घडीमुळे एका बाजूला ०.०५ मिमी जास्तीची जाडी. घडीपासून समोरच्या टेकणाऱ्या कडेपर्यंत सुमारे १८ मिमी. ब्रेकचं टोक ७५ मिमी पुढे. ०.०५ भागिले १८ गुणिले ७५, म्हणजे ०.२१ मिमी. घडी वरच्या अंगाला, म्हणून ब्रेकने मान खाली घातलेली. सळईने आणि तांब्याच्या पट्ट्याने सांगितलेली गोष्ट शब्दशः जुळली.

आता नोंदवहीतलं ते वाक्य. २४ आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.०५८ मिमी, म्हणजे शिमची जाडी ०.०१ मिमीने वाढवली की ब्रेक सुमारे ३.४ अंश आधी थांबतो. शिमशिवाय हाताने घट्ट केला तर हा ब्रेक बाराच्या पुढे ७० अंश जात होता. ताईंनी ०.२० आणि ०.०५ असे मिळून ०.२५ मिमी घातले, म्हणजे ८५ अंश अलीकडे. हाताने घट्ट केल्यावर बाराच्या १५ अंश आधी थांबेल, उरलेलं पान्याने. हा हिशोब त्यांचा होता आणि तो अगदी बरोबर होता. पण घडीने आणखी ०.०५ मिमी घातले, म्हणजे आणखी १७ अंश. ब्रेक ३२ अंश आधीच टेकला आणि उरलेलं अंतर लांब दांड्याच्या जोरावर ओढून काढावं लागलं. "शेवटचा फेरा जड गेला" या तक्रारीत पूर्ण निदान होतं. मी ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलं होतं.

आटे सरळ असतील तर ब्रेक सरळ बसेल, हा समज इतका पक्का आहे की अनुभवी हातही त्याला भुलतात. आट्यांना एकमेकांत फिरायला थोडी मोकळीक ठेवलेलीच असते. पाना ओढला की ते ब्रेकला मागे खेचतात आणि मागचं तोंड ज्यावर टेकेल त्याच्याशी काटकोन करून ब्रेक बसतो. तोंड खांद्यावर टेकलं तर खांद्याशी, घडीवर टेकलं तर घडीशी. रोख ठरवणारा खांदा आहे. म्हणूनच खांदा आणि ब्रेक यांच्यामध्ये जे जे येतं, मग तो शिम असो, वॉशर असो, जुनी काजळी असो की पोलादाची एखादी बर (कापताना राहिलेली बारीक धार), ते सगळं रोखाच्या हिशोबात येतं.

दाबून चेपणारा क्रश वॉशर मी अशा रायफलवर वापरत नाही तो याच कारणाने. तो चेपतो, पण चहूबाजूंनी सारखा चेपेलच याची हमी नसते. ऐसपैस भोकाच्या फ्लॅश हायडरला (तोंडावरची ज्वाळा झाकणाऱ्या नळकांड्याला) ते चालून जातं. कलाश्निकोव्ह घराण्यातल्या एकेएम रायफलीची तर रीतच न्यारी: एम-१४ बाय १ चे डावे आटे, आणि तिरका कापलेला ब्रेक स्प्रिंगवरच्या खिट्टीने फिरू न देता धरलेला, आवळलेला नाहीच. तिथे ब्रेकची फेरी खिट्टी सांभाळते. पाव मिलिमीटरच्या मोकळिकीवर चालणाऱ्या ब्रेकला ती चैन परवडत नाही.

दुरुस्ती

नवे शिम घालून काम लगेच भागलं असतं. दोन पातळ शिमऐवजी एकच ०.२५ चा जाड, घासलेला शिम, आणि बसवताना बॅरलचं तोंड वर करून उभी धरायची म्हणजे शिम सपाट पडतो, लोंबत नाही. ज्यांच्याकडे लेथ नाही त्यांना मी हेच सांगतो. पण लेथ समोर होता आणि शिम नसलेली बैठक मला नेहमीच जास्त भरवशाची वाटते. ताईंनाही तेच हवं होतं.

मँड्रेलवर आधी ब्रेक तपासला. भोक आट्यांशी ०.०३ मिमीत होतं, म्हणजे ब्रेकही निर्दोष. मग त्याचं मागचं तोंड कापायला घेतलं. शिमशिवाय तो बाराच्या पुढे ७० अंशांवर थांबतो, आणि मला तो पुढच्या फेरीत बाराच्या १५ अंश अलीकडे हवा. म्हणजे आणखी २७५ अंश फिरायला हवा, म्हणजे ०.८१ मिमी कापायचं. आधी फक्त ०.७५ कापलं, बॅरलवर चढवून पाहिलं, मग उरलेलं दोन पातळ कापांत. ब्रेक तेवढा मागे सरकल्यावर नळीचं तोंड आतल्या पोकळीत कुठे टेकत नाही ना, हेही पाहिलं. क्राउनला, म्हणजे नळीच्या अगदी टोकाच्या कडेला, काही टेकलं तर सगळं मुसळ केरात. कापायचं ते ब्रेकचं तोंड, बॅरलचा खांदा कधीच नाही. ब्रेक दुसरा मिळतो.

भोकातला तांब्याचा पट्टा तांबं विरघळवणाऱ्या द्रावणाने पूर्ण गेला. खाली पोलादावर ओरखडा नव्हता. असता तर ब्रेक बाद केला असता.

बसवताना आटे आणि खांदा अ‍ॅसिटोनने पुसले, खाचेतून लाकडी काडी फिरवली, बोट फिरवून बर नाही ना ते पाहिलं. बॅरल पुन्हा तोंडाजवळ पकडली, दोन्ही बॉटल ठेवल्या. हाताने घट्ट केला तर १५ अंश अलीकडे थांबला. ब्रेकसोबतच्या कागदावर दिलेल्या ३० न्यूटन मीटरला टॉर्क पाना वाजला आणि त्याच क्षणी बुडबुडा मध्यात आला. ना जास्तीचा जोर, ना लांब दांडा. मग पुन्हा सळई: वर ०.३५, खाली ०.३८, डावी-उजवी ०.३६. मी ताईंना स्वतः टॉर्च धरून पाहायला लावलं. सळईभोवतीचं ते काळं वर्तुळ सगळीकडे सारख्या जाडीचं दिसलं, तेव्हा त्यांनी नुसतं "हं" म्हटलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

मैदानावर

पहिली गोळी टेकूवर बांधलेल्या रायफलमधून, शेजारच्या जागा रिकाम्या ठेवून. ब्रेक दणका बाजूला फेकतो. असा आवाज १६० डेसिबलच्याही वर जातो, आणि १४० च्या वरचा एक तडाखाही कानाला इजा करू शकतो. म्हणून आत बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही, आणि हे शेजारी उभ्या असणाऱ्यालाही लागू. पहिल्या तीन गोळ्यांनंतर दर वेळी बोल्ट काढून भोकाची कड पाहिली. तांबं कुठेच नाही, काजळीचं फूल चारी बाजूंना सारखं.

पाच गोळ्यांचा ग्रुप १.९ सेंटिमीटर, दुसरा १.७. ग्रुपची जागा मात्र ब्रेक नसतानाच्या जागेपासून तीन सेंटिमीटर सरकलेली होती. ते अपेक्षितच आहे. तोंडावर वजन आलं की नळीची थरथर बदलते, झीरो, म्हणजे स्कोप आणि गोळीची जागा यांची जुळणी, नव्याने करावा लागतो.

आट्यांत मी सुरुवातीला काहीच लावलं नव्हतं. वीस गोळ्यांनंतर नळी थंड होऊ दिली आणि सळई पुन्हा घातली. आकडे तेच, बॉटलचा बुडबुडा जागेवर. त्यानंतरच ब्रेक उतरवून आट्यांना रॉकसेट या उष्णता सोसणाऱ्या चिकट द्रवाचे दोन थेंब दिले, तेवढ्याच टॉर्कला परत चढवला आणि रात्रभर तसाच ठेवला. साध्या थ्रेडलॉकरला या उष्णतेत दम धरवत नाही. रॉकसेट टिकतो, आणि पुढे कधी सोडवायचा झाला तर तोंड पाण्यात भिजत ठेवलं की सुटतो. सकाळी शेवटची सळई घातली, चहूबाजूंना तीच फट दिसली, सळई काढून खोक्यात ठेवली आणि रायफल ताईंच्या हवाली केली.